कान्हेरीला भाऊजींनी सांगितलं

अंधेरी, रविवार, ८ जानेवारी १९५६

भाऊजींचा तो कॅमेरा फोडावासा वाटतोय. चार वर्षं लंडनला राहून माझे दीर सुट्टीवर आलेत, आणि आज आम्हां सगळ्यांना टॅक्सीने कान्हेरीची लेणी दाखवायला घेऊन गेले. जसं काही आम्ही परदेशात राहतो! "लंडनला असतं तर किती नीट ठेवलं असतं," हे दर पायरीला. सासूबाई गुडघे धरून चढत होत्या. हात मी दिला, लाडका लेक कॅमेरा घेऊन पुढे.

मोठ्या बुद्धमूर्तीपाशी मला बाजूला घेऊन म्हणतात, "वहिनी, मी तिकडे लग्न केलंय. इंग्रज आहे ती. आईला तुम्ही सांगा ना."

मी का? सासूबाई तर परवा त्यांच्यासाठी बोरिवलीची मुलगी बघायला निघाल्यात!

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता तुम्हीच सांगा, नाहीतर मी इथेच ओरडून सांगेन."

तेव्हा भाऊजींनी सांगितलं, तेही कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत. सासूबाई पायरीवर बसल्या. "नाव काय तिचं?"

"मार्गारेट."

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. जमलं नाही.

टॅक्सीत आमचे हे खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर सासूबाई माझ्यावरच उखडल्या, "माझ्या पोराला कोंडीत पकडलंस. चार दिवस सुखाने राहिला असता."

माझं काय चुकलं? मग स्वतः उठून त्यांनी लेकाला दहीभात कालवून दिला. मला जेवलीस का, एवढंसुद्धा विचारलं नाही.