सीट एकदा बसली की निघायचंच

रविवार, ७ सप्टेंबर

आज इथला, म्हणजे ऑकलंडचा, फादर्स डे. कॉलेजातल्या लेकीने, सिद्धीने, चामड्याचे ड्रायव्हिंग ग्लोव्ह्ज दिले. हात एकदम रेसरचे दिसतात. दिवसभर घातले. जेवताना बायकोने, विभावरीने, काढायला लावले.

संकल्प: आई पुण्याला परत जायच्या आत तिला एमजीतून मराएताईच्या समुद्रावर न्यायचं. ती जाणार नोव्हेंबरच्या मध्यात. म्हणजे भरपूर वेळ आहे. गेली दोन वर्षं व्हिडिओ कॉलवर सांगतोय, तू ये तर खरी, टप उघडून फिरवतो. ती जुलैत आली. थंडी होती. मग पाऊस. आज लख्ख ऊन. सकाळीच डोक्याला रुमाल बांधून तयार झाली आणि म्हणाली, निघायचं का रे? म्हटलं, आई, सीट.

एकदा नोंद करून ठेवतो, पुढे गैरसमज नको. गाडी उत्तम आहे. एकोणीसशे बहात्तरची एमजीबी, हिरवी, दोन माणसांची. चालवणाराही उत्तम आहे. दोष फक्त सीटचा. पन्नास वर्षांत ती इतकी खचलीय की बसलं की माणूस थेट रस्त्याला टेकतो. हॅमिल्टनहून गाडी घरी आणताना बॉम्बे हिल्सच्या उतारावर दुधाचा टँकर शेजारून गेला, तेव्हा त्याचं चाक माझ्या कानापाशी होतं. कानापाशी! त्यापुढे घरापर्यंत मी साठच्या वर गेलो नाही, तो निव्वळ सीटचा परिणाम. मागे केवढी रांग लागली होती ते विभावरी अजून पाहुण्यांना सांगते. आमची अ‍ॅक्वा ही रोजची गाडी घेऊन तीच रांगेत पहिली होती.

तेव्हापासून एमजी गराजमध्ये आहे. उपाय: सीट्स बदलणे.

सोमवार, ८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नव्या कामाला हात लावत नाहीत. मी स्वतः असलं काही मानत नाही, पण आई मानते. तिच्या भावना जपायला हव्यात.

संध्याकाळी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, गाडी कुठे नवी आहे, माझ्या लग्नाच्या आगेमागेची असेल. घालायची ती नंतर घाल, काढायला कसला आलाय पितृपक्ष?

आई पूर्वीसारखी धार्मिक राहिलेली नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट. शेवटचा हलेना. विचार केला, इतका घट्ट बसलाय त्याअर्थी निसर्गाचीच इच्छा नसावी. तेवढ्यात समोरचा ग्रॅहम आला. रिटायर्ड, घरी तीन जुन्या गाड्या, पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर्स. त्याने बोल्टवर तेल मारलं, चहा प्यायला आणि मग बोल्ट सहज फिरवला. झकास अशा अर्थाने म्हणाला, स्वीट अ‍ॅज.

सीट का बदलतोयस, विचारलं त्याने. टँकरचं सांगितलं. म्हणाला, मग जरा जोरात जायचं, टँकर मागे राहतो. या देशात लोकांना रिस्क म्हणजे काय हेच कळत नाही. मी ऑफिसात रिस्क रजिस्टर सांभाळतो, मला कळतं.

रविवार, १४ सप्टेंबर

दोन्ही सीट्स गराजच्या जमिनीवर. दुपारी आई मेथीची जुडी घेऊन त्यातल्या एकीवर जाऊन बसली. म्हणते, किती छान पाठ टेकते. सांगितलं, आई, ही सीट धोकादायक आहे. ती म्हणाली, जमिनीवरच तर आहे, इथून पडून पडून कुठे पडेन?

नंतर गाडीत डोकावलो. आत सीटच नाही. चालवायचं म्हटलं तरी कुणाला चालवता येणार नाही. फार शांत वाटलं. का ते कळलं नाही. बहुधा स्वच्छतेमुळे.

शनिवार, २० सप्टेंबर

न्यू लिनच्या पलीकडे भंगारातल्या गाड्यांचं यार्ड आहे, तिथून एका जपानी स्पोर्ट्स कारच्या सीट्स आणल्या. उंच पाठ, डोक्याला टेकू. एक नंबर. विभावरीने अ‍ॅक्वातून नेलं. मोटरवेवर मी डोळे मिटून नव्या सीटचं डिझाइन मनात आखत होतो. विभावरी म्हणाली, दाराचं हँडल सोड, निघून हातात येईल.

संकल्प: पुढच्या रविवारी मराएताई. नक्की.

रविवार, २८ सप्टेंबर

पितृपक्ष संपला, नवरात्र बसलं, सीट्सही बसल्या. ग्रॅहमने खालचे रूळ कापून, वेल्डिंग करून दिले. मी टॉर्च धरला.

मात्र नवा प्रॉब्लेम. आधीची सीट फार खाली होती, ही फार वर आहे. काचेची वरची कड थेट डोळ्यांसमोर येते. विभावरीला म्हटलं, या पोझिशनमध्ये चालवणं योग्य नाही. तिने बसून पाहिलं. तिला सगळं दिसतं म्हणे. जाता जाता पुटपुटली, नाचता येईना अंगण वाकडं. तिच्या लक्षात येत नाही की प्रश्न नाचाचा नाही. अंगण खरोखरच वाकडं असू शकतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

वर्क फ्रॉम होम घेतलं. आईने गाडीची पूजा केली. झेंडूच्या ऐवजी ग्रॅहमकडची कसली तरी पिवळी फुलं, लिंबंही त्याच्याच झाडाची. नव्या सीट्सना हळदकुंकू. नारळ पायरीवर फोडला. मग चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि म्हणाली, हं, चालव. पुढे नेल्याशिवाय पूजा पुरी होत नाही.

हे माझ्या लक्षातच नव्हतं. आपल्याकडे गाडीच्या पूजेचा शेवट गाडी चालवण्यात होतो. ही जोखीम रजिस्टरमध्ये यायला हवी होती.

बसलो. ग्लोव्ह्ज घातले. आई हात जोडून समोर, ग्रॅहम फुटपाथवर, विभावरी मोबाइलवर शूटिंग करत्येय. किल्ली फिरवता येईना. तोंड कोरडं पडलं. ते उपासाचं असणार, पण मी उपास केला नव्हता. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि हँडब्रेक सोडला. आमच्या ड्राइव्हवेला उतार आहे. लिंबं चिरडल्याचा आवाज आला. लगेच दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

आईने ओवाळलं. ग्रॅहमने टाळ्या वाजवल्या. गाडी पुन्हा आत घेण्यासाठी मी, ग्रॅहम आणि विभावरीने ढकलली. टेस्ट ड्राइव्ह यशस्वी. शर्ट बदलावा लागला.

रविवार, ५ ऑक्टोबर

मराएताई रद्द. वारा.

सिद्धी म्हणाली, डॅड, देअर इज नो विंड. तिला खिडकीतून झाडाचं शेंड्याकडचं एक पान दाखवलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मोठाच दिलासा. म्हणजे, अडचण. सीट्स बदलल्या की सरकारमान्य तपासनीसाकडून सर्ट घ्यावं लागतं, त्याशिवाय, तपासणीला नेणं सोडलं तर, गाडी रस्त्यावर फिरवायची नाही. ग्रॅहम हे पहिल्या दिवसापासून सांगत होता, मी आज ऐकलं. आता माझ्या हातात काय आहे? कायदा म्हणजे कायदा. आईलाही समजावलं. ती म्हणाली, मग घे ना ते सर्टिफिकेट.

तपासनीसाला फोन केला. तो चक्क पुढच्याच आठवड्यात ये म्हणाला. या देशात प्लंबर महिना महिना मिळत नाही आणि हा पुढच्या आठवड्यात! म्हटलं, पुढच्या आठवड्यात दिवाळीची गडबड आहे. नोव्हेंबरअखेरची वेळ घेतली.

मग कॅलेंडर पाहिलं. आई तोपर्यंत गेलेली असेल. अरेरे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आईने आपल्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवली. चौकोनी, जाड, सीटच्या मापाची. माझ्यासाठी नव्हे, तिच्या स्वतःच्या बाजूला. म्हणाली, माझी उंची कमी, गोधडीवर बसलं की बाहेरचं दिसेल. इतक्या बारीक टाक्यांवर ऐन दिवाळीत डोळे फोडले तिने. गराजमध्ये जाऊन स्वतः घालून आली.

मला फराळ जाईना. बीपी मोजलं. जास्त आहे. लोणचं बंद.

सोमवार, २७ ऑक्टोबर

लेबर डे. लाँग वीकेंड. सगळं ऑकलंड रस्त्यावर, आमच्या बॉटनी भागातल्या सिग्नलपाशी गाड्याच गाड्या. अशात बाहेर पडणं हा शुद्ध वेडेपणा. तसंही सर्ट नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज आईला गाडीत बसवलं. गराजमध्येच. दार उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. ती गोधडीवर, डोक्याला रुमाल, दोन्ही हात मांडीवर. मी ग्लोव्ह्ज घालून. गाडी छान गुरगुरत होती. आई समोर बघत होती, समोर कपडे वाळत घातलेले. म्हणाली, छान वाटतंय.

माझे हात थरथरत होते. इंजिनचं व्हायब्रेशन. बंद केल्यावरही थरथरत होते, ते साठलेलं व्हायब्रेशन असावं.

कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. स्टिअरिंगवर हात ठेवला की मला तो टँकर दिसतो, आणि या खेपेला त्याच्या बाजूला आईचा रुमाल दिसतो. ती एकोणऐंशीची आहे. तिला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? मला स्वतःसाठी भीती नाही. म्हणजे आहे, पण ती वेगळी.

सीटचा बोल्ट एकदा पुन्हा तपासायला हवा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तपासनीसाला फोन केला. विचारायचं होतं की नोव्हेंबरअखेर पाऊस असला तर तारीख पुढे जाईल का. तो म्हणाला, कसली तारीख, तुझ्या गाडीचं सर्ट मंगळवारी झालं की. फर्स्ट क्लास काम, एका फटक्यात पास. युअर मिसेस ब्रॉट इट इन. युअर मम हॅड मी ट्राय दोज स्पायरल थिंग्ज, हीप्स गुड.

चकल्या.

विभावरीने काही लपवलं नाही. तिनेच फोन करून तारीख अलीकडे आणली, सुट्टी काढली, आईला शेजारी बसवलं. तिच्या वडिलांच्या जुन्या फियाटवर शिकलेली ती, गिअरची गाडी तिला नवी नाही. सर्ट मिळाल्यावर दोघी टप उघडून मराएताईला गेल्या. आइस्क्रीम खाल्लं. आई पावलापावलाने पाण्यातही उतरली, साडी गुडघ्यापर्यंत भिजवून आली. मी ऑफिसात होतो. त्या संध्याकाळी आईने मला नुसती खिचडी वाढली होती आणि मी विचारलंही नव्हतं की आज एवढी थकलीस का.

मला का नाही सांगितलं, विचारलं. विभावरी म्हणाली, आईच म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, वाईट वाटेल त्याला.

ठीक आहे. स्वतंत्र टेस्टिंग नेहमी दुसऱ्यानेच करावं, असा नियमच आहे. सीट लोडखाली टिकली. प्रोजेक्ट यशस्वी.

रात्री जेवलो नाही. लोणचं बंद असल्यामुळे जेवणाला चव नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

आईची फ्लाइट. सकाळी उठून ठरवलं होतं, एअरपोर्टला आईला एमजीतून मीच नेणार. अगदी नक्की. ग्लोव्ह्ज घातले. पण बॅगा दोन आणि एमजीची डिकी एवढीशी. बॅगा कुणीतरी जबाबदार माणसाने नेणं आवश्यक होतं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तू बॅगा घेऊन ये, माझा जीव त्या बॅगांत आहे.

म्हणून विभावरी आणि आई एमजीत, मी आणि सिद्धी बॅगा घेऊन मागून अ‍ॅक्वात. टप उघडा. पहिल्या सिग्नलपर्यंत आईचा रुमाल दिसत होता. मोटरवेवर सिद्धी म्हणाली, डॅड, यू कॅन डू अ हंड्रेड हिअर. मी सत्तरवर स्थिर होतो. थोड्या वेळाने हिरवी गाडी दिसेनाशी झाली.

पोचलो तेव्हा चेक-इन बंद व्हायच्या बेतात होतं. आई काउंटरशी उभी. केस सगळे विस्कटलेले, गाल लाल, पण मजेत. मी काही बोलायच्या आत म्हणाली, सावकाश आलास ते बरं केलंस. मग हाताला धरून जरा बाजूला घेतलं. म्हणाली, घाबरण्यात काही वाईट नसतं रे, पण सांगावं. मी गराजमध्येच बसले असते तुझ्याबरोबर रोज. मला कुठे समुद्र बघायचा होता.

पुढच्या वेळी नेतो, म्हटलं. ती हो म्हणाली. या खेपेलाच डॉक्टरांनी तिला प्रवासाला कसाबसा होकार दिला होता, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. वाकून नमस्कार केला. ग्लोव्ह्ज हातातच होते, तिनेच काढून माझ्या खिशात घातले.

सिद्धी अ‍ॅक्वा घेऊन मैत्रिणीकडे गेली. त्यामुळे परत येताना मला एमजीत बसणं भाग पडलं, विभावरीच्या शेजारी. गोधडी तशीच होती. सीट आईच्या मापाने पार पुढे ओढलेली, माझे गुडघे डॅशबोर्डला घासत होते. विभावरी म्हणाली, मागे घे की, खाली लिव्हर आहे. म्हटलं, अडकलाय तो.

अडकलेला नव्हता. तो बसवताना टॉर्च मीच धरला होता, हात लावला की सरकतो. तसाच बसून घरी आलो.