पितृपक्षातली घोडी

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर

ती. साळूआत्यास मयूरीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. एक अफवा सोडली तर इकडं सर्व ठीक. माझं लग्न झालेलं नाही. पडेगावात ज्यांना ते झाल्याचं सांगितलंस, त्यांना कृपया हेही सांग.

झालं असं. तात्यासाहेबांच्या मंगल कार्यालयासाठी आम्ही एक प्रोग्राम लिहितोय. तारीख, वधू, वर आणि पत्ता भरला की बँडवाल्यांना आणि नातेवाइकांना मेसेज आपोआप जातात. मी आधीच म्हटलं होतं, की काय पाठवायचं हे ठरवणारा भाग वेगळा ठेवू आणि पाठवणारा वेगळा. मग चाचणीपुरता खोटा निरोप्या बसवता येतो. तो काही पाठवत नाही, काय पाठवायला सांगितलं ते फक्त टिपून ठेवतो. (तू आमटी पातेल्यातच चाखतेस, पंगतीला वाढून नाही. तसंच.) तात्यासाहेब म्हणाले, "खोटं कशापायी? आपल्याकडं समदं खरं ऱ्हातंय!"

म्हणून मी त्यातल्या त्यात सुरक्षित तारीख निवडली, चाचणी घेतली त्याच दिवसाची. पितृपक्ष चालू, या दिवसांत कोणी लग्न करत नाही, म्हणजे खऱ्या नोंदींशी गल्लत नको. (हा तर्क मला अजूनही बरोबर वाटतो.) वधूच्या जागी स्वतःचं नाव घातलं. वराचा रकाना रिकामा चालत नाही, म्हणून ऑफिसातल्या बद्रीनाथचं. पत्ता आणि नातेवाईक आपलेच.

दुपारी जेवायला घरी आले, तर दारात बँड. पितृपक्षात बँडमास्तर मुबारकभाईंना एकही सुपारी नसते. त्यामुळं बिचारे मेसेज येताच घोडीसकट निघाले होते.

"दुल्हा किधर है, बेटी? घोडी को धूप लग री."

शेजारच्या सरूबाई कठड्यावरून म्हणाल्या, "पोरीनं पितरांतच उरकलं व्हय? कायतरी घाई असंल, बाई!"

हे आप्पांनी ऐकलं. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात, मी समोर बसलेली असतानासुद्धा.

नोंद मी लगेच पुसली. पण तेवढ्यात घोडीनं सरूबाईंची निवडून ठेवलेली मेथी खाल्ली. ती पुसता येत नाही. प्रोग्राम बाहेरच्या जगात जे करून बसतो, ते आधी तपासायचं असतं ते याचसाठी. आता तात्यासाहेबांनीच खोटा निरोप्या बसवायला सांगितलं आहे. चाचणीपुरती प्रोग्रामला आजची तारीखही खोटी सांगता येते, म्हणजे पितृपक्षाची वाट बघायला नको.

तुझी,
मयूरी

ता. क. वराचा रकाना रिकामा चालतो. तो भाग मीच लिहिला आहे.

आणखी ता. क. मेसेज बद्रीनाथलाही गेला होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि काही न विचारता घोडीपाशी उभा राहिला. चाचणी म्हणून हे पुरेसं आहे. आप्पा तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, तेव्हा रविवारी ये आणि त्यांना सांग, की घाई कसलीही नाही, तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख चालेल. मी बद्रीनाथला त्याच दिवशी चहाला बोलावलं आहे. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. तू त्याच्या आधी पोचलीस तर बरं.