गजी म्हणायचं की नाही

१२ नोव्हें.
तालीम साडेतीन तास. बावीस वर्षं हेच: धनगरांच्या गजी नाचाचा ढोल, वर बॅलेची पावलं. पेपरवाले ‘संगम’ म्हणतात. वीट आलाय त्या शब्दाचा. माझ्या मुलींतली ऋतुजा पंजाच्या टोकावर सुरेख तोल सांभाळून उभी राहिली. बघून आनंद व्हायला हवा होता.

१४ नोव्हें.
मुरगूडहून सिद्धूमामा आले. मला गजी ह्यांनीच शिकवली. बाईमाणूस नाचणार म्हणून गाव कुरकुरलं, तेव्हा एकटे पाठीशी उभे राहिले. आज पहिल्यांदाच माझं काम बघितलं. तालीम संपली. मग,
“चांगलं हाय. पर ही गजी न्हाय.”
“मग काय आहे, मामा?”
“तुझं कायतरी हाय की. त्येला आमचं नाव कशाला लावतीस?”
चहा न घेताच गेले.

१५ नोव्हें.
राग यायला हवा. येत नाही. तेच जास्त लागलंय.

१७ नोव्हें.
पुण्याच्या महोत्सवातून फोन. पत्रिका छापायला चाललीय. मी विचारलं, नाव बदललं तर? “मॅडम, गजी आहे म्हणून तर तुमची निवड झाली.” सोमवारपर्यंत कळवा म्हणाले. मुलींनी सहा महिने घाम गाळलाय.
ऋतुजानं विचारलं, “मामा म्हणाले ते खरं काय हो?”
म्हटलं, चल, पहिल्यापासून.


१९ नोव्हें., रवि.
मुरगूडला गेले. मामा बिरोबाच्या देवळापुढं बसलेले. म्हटलं, चुकलं कुठं ते तरी सांगा.
“तुझ्या पोरी भुईला भ्यात्यात. पाय टेकला न टेकला की वर. आमी देवाम्होरं नाचतो, भुई सोडून कुठं जायाचं?”
 मग म्हणाले, “आठ दिस हितं आण त्यास्नी. मग तूच ठरीव, काय म्हणायचं ते.”
आठ दिवस! महोत्सव पंधरा दिवसांवर.
परतताना एसटीत रडू आलं. दमल्यामुळंच असेल.

२० नोव्हें.
पुण्याला कळवलं: गजी हा शब्द काढा. नुसती मुलींची नावं छापा, माझं छापा.
“सरांना विचारून सांगतो.”
अजून फोन नाही.
मुलींना सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीनं मुरगूड. आठ जणींतल्या सात तयार. ऋतुजा बॅलेचे बूट पिशवीत भरत होती. म्हणाली, “घरी विचारते, मॅडम.” वर बघितलं नाही.