टॉक्सटेथचे जांभळे डबे

३ मार्च, सोमवार

घर घेतेय! आमची एकुलती एक अदिती लिव्हरपूलला घर घेतेय. तेही कुठे — टॉक्सटेथला! चहा नाकातून बाहेर यायचा राहिला. दोन वर्षं "सिटीच्या जवळ राहते, बाबा" एवढंच सांगत होती. जवळच आहे म्हणे!

कुमुद म्हणाली, "अहो, निदान अभिनंदन तरी करा." केलं. फोन ठेवल्यावर.

४ मार्च

टॉक्सटेथ मला चांगलं ठाऊक आहे. ब्याऐंशी साली आमचं जहाज लिव्हरपूलला लागलं. मी सगळ्यात ज्युनिअर इंजिनिअर. उतरतानाच कॅप्टनने बजावलं — गेल्या वर्षी टॉक्सटेथला दंगल झालीय, त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. मी फिरकलो नाही. एवढी माहिती मला पुरे.

कुमुदला पुरली नाही. "म्हणजे तुम्ही ते पाहिलंच नाही!" बायको वकील व्हायची राहिली.

७ मार्च

आज कॉम्प्युटरवरच्या नकाशात शिरून तिचा रस्ता हिंडून आलो. घरंबिरं सगळी दिसतात. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली. दोन घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. फुटपाथवर एक सोफा — उघड्यावर! आणि दारोदार जांभळे डबे, तोंडं वासून, कचरा बाहेर लोंबतोय. इथे सिंगापूरला, आमच्या सेम्बावांगच्या कॉरिडॉरमध्ये चप्पल वाकडी पडली तरी मला झोप लागत नाही.

चित्र अदितीला पाठवलं. खाली लिहिलं, "हे?"

उत्तर आलं, शेपटीला सिंगापूरचं 'लाह' लावून — "बाबा, तो बिन डे आहे लाह, कचरा न्यायचा दिवस! तुझ्या कपाटाचा फोटो पाठवू का आईला?"

१२ मार्च

आता रोज जातो त्या रस्त्यावर. न्याहारी झाली की खालून कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायची आणि निघायचं. सोफा अजून तिथेच! अदिती म्हणते फोटो जुना आहे, सोफा केव्हाच गेला. फळ्यांवर बायकांनी फुलं रंगवलीत, दारांपुढे कुंड्या मांडल्यात, महिन्यातून एकदा रस्त्यातच बाजार भरतो. "कुणी लक्ष देईना, मग लोकांनीच झाडू घेतला."

"एजंट झालीस का?" मी म्हटलं. ती हसली नाही.

१५ मार्च

कुमुद बोलत नाहीये. पोहे मात्र मिळाले.

२२ मार्च, शनिवार

व्हिडिओ कॉलवर अदितीच्या शेजारी एक बाई. हलीमा. दोन वर्षांच्या शेजारीण, त्याच गल्लीतल्या. सत्तरीच्या, डोक्यावर केशरी रुमाल, आवाज भोंग्यासारखा. "तूच का चीफ, लव्ह?" चीफ इंजिनिअरला लव्ह! आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं, कुमुदनेसुद्धा नाही.

बाईंचे वडील सोमालियाचे. जहाजावर बॉयलरला कोळसा घालायचे. म्हणजे आपल्याच खात्यातले! त्यांची गल्ली निम्मी अशीच भरलीय म्हणे — कुणी येमेनचा, कुणी जमैकाचा, जहाजातून उतरले आणि राहिले. आम्ही इंजिन-रूमच्या उकाड्यावर तासभर बोललो. मधेच त्या म्हणाल्या, जानेवारीत पोरगी तापाने फणफणली होती, रोज सूप घेऊन जायचे. जानेवारीत! आम्हाला पत्ताच नाही. कुमुद डोळे पुसत उठून गेली.

खरं लिहू? भीती दंगलीची नाहीच. भाड्याचं घर म्हणजे पोर परत येणार. विकत घेतलं की संपलं. मीही दोन वर्षांसाठीच सिंगापूरला आलो होतो. मग हा फ्लॅट घेतला आणि नाशिकला आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "पाण्याची सोय आहे ना रे?" मी म्हटलं, चोवीस तास पाणी असतं.

५ एप्रिल

चावी मिळाली तिला. फोनवर किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवत होती. मी विचारलं, "पाणी बरं येतं ना?"

"बाबा! इंग्लंड आहे हे!"

कुमुदने फोन माझ्या हातून ओढून घेतला.

९ एप्रिल

कुमुदने जाहीर केलं — वास्तुशांतीला मी एकटी जाणार, तिकीट एकच काढतेय. "तुम्ही या नकाशातून."

१० एप्रिल

नकाशा उघडला. बंद केला.

२ जून, सोमवार. टॉक्सटेथ

तिकिटं अखेर दोन निघाली. सकाळी लवकर उठून जांभळा डबा बाहेर नेऊन ठेवला. झाकण नीट लावून. हलीमाबाईंचाही ठेवला. सोफा खरंच नाही. वरच्या खिडकीतून अदिती ओरडली, "बाबा, बिन डे उद्या आहे लाह!"

म्हटलं, असू दे. उद्याही मी आहेच.