वाकलेल्या पेशी

आये, तुझं रक्त कुणी कधी पाहिलं नाही. डोळे पिवळे झाले की तू वाडीतल्या म्हाताऱ्याकडून कावीळ उतरवून घ्यायचीस आणि सांधे धरले की चुलीपुढं बसून गुडघे शेकायचीस. दवाखाना खाली धसईला होता, पण तिथवर चालत जायचं तर पाय हवेत ना, असं म्हणून तूच वर हसायचीस. मी नववीत असताना तू गेलीस. आता मी मुरबाडला सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांचं रक्त बघते, आणि इतक्या वर्षांनी मला तुझ्याच रक्ताची उत्सुकता लागून राहिली आहे.

शाळेत मास्तरांनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर काढला, त्या दिवशी मी जवळजवळ पळतच वाडीवर आले होते. तू कांदा चिरत होतीस. मी तुझ्या हातातली फोड ओढून घेतली, आतला पातळ पापुद्रा नखानं सोलला आणि दारातल्या उजेडात धरला. यात विटा रचल्यासारख्या खोल्या आहेत, प्रत्येक खोलीत एक ठिपका आहे, असं मी सांगत सुटले. दुसरी कुणी असती तर कांदा वाया घालवला म्हणून दोन शब्द सुनावले असते. तू तो पापुद्रा बोटावर घेतलास आणि डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिलीस. "आनि ह्या खोल्यांत राहतो कोन?" तू विचारलंस. मी अडले. दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारलं, तर ते आधी हसले आणि मग तेही अडले. तू मात्र तेवढ्यावर थांबली नव्हतीस. "तुज्या त्या यंत्रात माजं गुडघं मावतील का, इचार गो मास्तरांना." आपण दोघी खूप हसलो. बा हसला नाही.

बाचं तुझ्या दुखण्याशी वाकडंच होतं. मला अजून दिसतं ते असं: आवणी चालली आहे, गार पाण्यात तू वाकून भाताची रोपं लावते आहेस, आणि मधेच चिखलातून निघून बांधावर जाऊन बसतेस. दोन्ही मांड्या आवळून धरतेस. बा सगळ्या शेताला ऐकू जाईल असा ओरडतो, "आवनी आली का हिचा दुखना येतो! बघा रे आयशीचा ढोंग!" तू उलटून बोलत नाहीस. जरा वेळानं उठतेस आणि पुन्हा पाण्यात उतरतेस. मला तेव्हा कळायचं नाही कुणाचं खरं. तू ढोंगी नव्हतीस हे मला ठाऊक होतं, पण नेमकं आवणीलाच कसं दुखतं, हा बाचा सवालही खोडता यायचा नाही. तुला खरंच काही होतं की नव्हतं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

मग गेल्या वर्षी आमच्याकडे सिकलसेलच्या तपासणीचं प्रशिक्षण झालं. स्लाइडवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात औषध मिसळायचं, वर पातळ काच ठेवायची आणि हवा आत जाऊ नये म्हणून कडा बंद करायच्या. आम्ही त्याला सरळ गुलाबी नेलपॉलिश लावतो. ज्याच्या रक्तात दोष असतो त्याच्या गोल पेशी प्राणवायू संपला की वाकतात, टोकदार होतात, विळ्यासारख्या. निरोगी रक्त कसं दिसतं ते नव्या मुलींना दाखवायला मी ऐटीत माझंच बोट टोचलं. थोड्या वेळानं डोळा लावला, तर सगळीकडे विळेच विळे. आधी वाटलं, स्लाइडची अदलाबदल झाली. पुन्हा बोट टोचलं. पुन्हा तेच.

घाबरू नकोस, मला काही होत नाही. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. एकाकडून आला तर माणूस आपला ठणठणीत राहतो. पण माझ्याकडे कुणाकडून आला? दिवाळीला भाऊ आणि धाकटी आले, तेव्हा फराळाच्या आधी मी दोघांची बोटं टोचली. भाऊ म्हणाला, "आता घरात पन सुई?" दोघांच्याही पेशी वाकल्या. उरला बा. तो खोकल्याचं औषध घ्यायला मुरबाडला आला तेव्हा त्यालाही गाठला. त्याच्या पेशी तासाभरानंही गोलच्या गोल.

म्हणजे आम्हा तिघांना ते तुझ्याकडून आलं. तुझ्यात एकच वाटा असता तर तिघांतलं एखादं तरी बहुतेक सुटलं असतं; म्हणजे तुझ्यात दोन्ही वाटे असणार, तुला खराच आजार असणार. पक्कं सांगायला तुझं रक्तच लागलं असतं, तेवढी सोय नाही. पण ते पिवळे डोळे, ते सांधे! आणि हे दुखणं उठवायला गार पाणी पुरतं, हेही मी शिकले. आवणीलाच का, ते मला कळलं. तुला एक गंमत सांगायची आहे: कांद्याच्या खोल्यांत होता तो ठिपका रक्तातल्या लाल पेशीत नसतोच. सगळी जागा प्राणवायू वाहणाऱ्या लाल द्रव्याला दिलेली असते. तू असतीस तर यावरही काहीतरी विचारून मला अडवलं असतंस.

बाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दाखव." मी माझी स्लाइड लावली. आधी त्याला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या, मग पेशी दिसल्या.

"ह्या तिच्या?"

"माज्या. तिच्याकडनं आलेल्या."

तो बराच वेळ वाकून बघत होता. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी मी उठवलं नाही. मान वर न करताच त्यानं विचारलं, "तिला लय दुखत होता का गो?"

वॉर्डात या आजाराचे पेशंट मी बघते. मोठी माणसं चादर तोंडात कोंबून रडतात. बाची पाठ माझ्याकडे होती आणि शर्ट खांद्यावर विरलेला होता. मला राग यायला हवा होता, तो आला नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुला सांगते. "नाय बा," मी म्हणाले, "जरासाच दुखतो." या लॅबमधून मी दिलेला हा पहिला खोटा रिपोर्ट.