एक मिनिट गप्प बसल्याची गोष्ट

ती. एनिडताईस,
कराबुकहून धाकट्या कीथचा नमस्कार.

ताजी बातमी आधी देतो, कारण गावच्या साप्ताहिकात चाळीस वर्षं काढल्यावर दुसरी रीत राहिलेली नाही. येत्या गुरुवारी सकाळी सहा वाजता तुझ्या स्पंज केकवरचा पॉडकास्ट प्रसिद्ध होतो आहे. टॅमसिनने काल दुपारी स्वतः फोन करून हे पक्कं केलं. (टॅमसिन म्हणजे मेलबर्नची ती मुलगी, खाली येतेच आहे.) तुझी कंबर कशी आहे? नवी गोळी मानवली का? होबार्टचा वारा अजून त्या खिडकीतून येतो, की जावयाने फट बुजवली? इकडे जोनचा गुडघा सोडला तर सगळं ठीक. मी ठीक नाही, पण ते डॉक्टरच्या हातातलं नाही.

हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला दीड मिनिटाच्या वर बोलू देत नाहीस. हे प्रकरण जेमतेम एका मिनिटाचं असलं, तरी सांगायला वेळ लागतो.

तर टॅमसिनचा कार्यक्रम आहे ‘कोपऱ्यातल्या गोष्टी’. रेडिओसारखाच, फक्त लोक भांडी घासताना किंवा कुत्रा फिरवताना आपापल्या सवडीने ऐकतात. बिस्किटाला भोकं कोणी पाडली, एका गावाने मेलेला माणूस नगराध्यक्ष म्हणून कसा निवडून दिला (आणि ते वर्ष गावाला बरं कसं गेलं), असले विषय. तिच्या कानावर आलं, की कराबुकच्या शेतकी प्रदर्शनात एकाच बाईने सतरा वर्षं ओळीने स्पंज केकचं पहिलं बक्षीस घेतलं आणि आता पाककलेच्या दालनाला तिचं नाव देणार आहेत. ते नामकरण शनिवारी आहे. पाटी तयार आहे, वर चादर टाकून ठेवली आहे. नाव डल्सी पॅस्कोने सुचवलं, हे तुला ठाऊक नसेल. अकरा वर्षं तुझ्यामागे दुसरी आलेली डल्सी आता समितीची अध्यक्ष आहे. सभेत म्हणाली, “हरायचंच होतं, तर निदान पाटीवर नाव लिहावं अशा बाईकडून हरले, एवढं समाधान नको का मला?” कोणी हसलं नाही.

टॅमसिन आणि तिचा दाढीवाला ध्वनिमुद्रक मरे, दोघं परवाच्या मंगळवारी आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसले. मरेने भिंतीला उशा लावल्या, फ्रिजची घरघर नको म्हणून त्याचं बटण बंद केलं (ते नंतर कोणी चालू केलं नाही, मेंढीची तंगडी नासली, जोनने अजून माफ केलेलं नाही). मी दोन तास बोललो. बदकाची अंडी तू आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवायचीस ते सांगितलं. केक निवायला ठेवताना जाळीवर पंचा अंथरायचीस तेही सांगितलं, कारण परीक्षक मिसेस हॅलोरन चष्मा लावून केक उलटा करायच्या आणि बुडाला तारेचा एक वळ दिसला तरी तो टेबलाच्या टोकाला सरकवायच्या. टॅमसिनला हे फार आवडलं. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पण मग मरे म्हणाला, “काका, आता सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं. खोलीची शांतता घ्यायची आहे.” म्हणजे म्हणे प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि ती मागाहून बोलण्याच्या मधल्या फटीत भरतात, भिंतीला लांबी भरावी तशी. आता तू मला ओळखतेस. (बाबांच्या अंत्यविधीला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, तेव्हा मी पाद्र्याला फुटबॉलचा स्कोअर विचारला होता.) घड्याळ टिकटिकत होतं, दोघं माझ्याकडे बघत होते. विसाव्या सेकंदाला मला वाटलं की यांना सगळं कळलेलं आहे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “एकोणऐंशी सालचा मात्र तिने नव्हता केला. तो मी केला होता.”

मरेने कानावरचं काढलं. मग मला सगळं सांगावंच लागलं. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी गाय फाटकाला धडकली आणि तुझं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. तू स्टुलावर बसून हुकूम सोडलेस आणि मी केक केला. ‘हा पदार्थ मी स्वतःच्या हाताने केला आहे’ या छापील ओळीखाली तू डाव्या हाताने सही केलीस. टॅमसिन पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, “आणि बाकीची सोळा वर्षं, कीथकाका?” मी तोंड उघडलं, तर मरेने बोट वर केलं. “थांबा, आधी ती शांतता पुन्हा घेऊ. काका, या वेळी खरंच गप्प.”

मी गप्प बसलो. पूर्ण साठ सेकंद. ताई, मला स्वतःचा अभिमान वाटला. मिनिट संपलं, टॅमसिनने घड्याळ बघितलं, चारची गाडी चुकेल म्हणून दोघांनी तारा पिशवीत कोंबल्या आणि गेले. मला वाटलं, प्रश्न विसरली पोर.

काल तिने तो भाग मला फोनवर ऐकवला. तिचा आवाज: “आणि बाकीची सोळा वर्षं, कीथकाका?” मग काही नाही. घड्याळ. बाहेर एक मॅगपाय पक्षी. आत जोनने झाकण ठेवल्याचा आवाज. मग सावकाश व्हायोलिन.

मी म्हटलं, “अगं, मला गप्प बसायला सांगितलं होतं.”

ती म्हणाली, “काका, सात वर्षांत इतकं प्रामाणिक मौन मी ऐकलेलं नाही.”

“ते मौन नव्हतं. ती खोली होती. मरेला विचार.”

“विचारलं. तो म्हणतो, फार स्वच्छ आलंय.”

डल्सी दर गुरुवारी कुत्रा फिरवताना हाच कार्यक्रम ऐकते. गुरुवारी ऐकेल, शुक्रवारी समितीची बैठक, शनिवारी चादरीखाली काय असेल सांगता येत नाही. जोन म्हणते, “सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाच गप्प बसलास, तेही चुकीच्या वेळी.” तू मात्र काळजी करू नकोस. तुला बातमी दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. बाकी काही मागणं नाही.

तुझा,
कीथ

ता. क. एक मागणं आहे. मी फार गयावया केल्यावर टॅमसिन तुझी बाजू ऐकायला तयार झाली आहे. बुधवारी दुपारी चार वाजता तुला फोन करेल. त्या संध्याकाळनंतर काही बदलता येत नाही. ती सोळा वर्षांचं विचारेल. तू बोलण्याआधी विचार करतेस, याचं सगळ्या गावाला कौतुक आहे. बुधवारी करू नकोस. प्रश्न संपायच्या आत उत्तर दे. फोनपाशी चहा घेऊन बसू नकोस, मध्ये घोट घेतलास तरी व्हायोलिन लावतील.

ता. क. २. ती एकोणऐंशीचंही विचारेल. हे मी तुला कधी बोललो नाही. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तू फाटकाशी गेली होतीस, तेव्हा मी केक सरळ उघड्या जाळीवर उलटा केला. पंचा विसरलो. बुडावर सहा वळ उठले. घाबरून वर डबा पालथा घातला आणि घरी निघून आलो. सकाळी प्रदर्शनाला न्यायला आलो, तर डब्यातल्या केकला एकही वळ नव्हता, आणि तुझ्या प्लास्टरवर पीठ होतं. मी विचारलं नाही. पहिल्या बक्षिसाची निळी फीत तू माझ्या हातात दिलीस. ती अजून माझ्या कपाटात आहे. तू खरं सांगितलंस तर सतराही तुझे, आणि पाटीला धोका नाही, हे मला कळतं. म्हणून आग्रह करत नाही. पण टॅमसिनने विचारलं, “एकोणऐंशीचा भावानेच केला होता ना?”, तर तिथे तुला एक मिनिट गप्प बसता येईल का, बघ. बुधवारी, चार वाजता.