रपट्याचा पाइप आणि माहेरी निघालेले मासे

इंदूर,
राखीनंतरचा मंगळवार

प्रिय अच्युतराव यांना,

नंदूचा सप्रेम नमस्कार. बडोद्याची हवा तुम्हाला मानवली आणि गुडघा आता जिना चढू देतो, हे सूनबाईंच्या फोनवरून कळले, बरे वाटले. इकडे सगळे ठीक. माझी साखर हट्टी आहे आणि आमची सौ. बेबी तिच्याहून हट्टी, त्यामुळे जिलबी बंद आहे. (पोहे चालू आहेत. पोहे बंद करणारा डॉक्टर इंदुरात टिकायचा नाही.)

पत्रास कारण, आपला खजूरिया नाल्यावरचा रपटा, पुरात बुडणारा तो ठेंगणा पूल. महूच्या पलीकडे, चोरल नदीला मिळणाऱ्या त्या नाल्यावर एकतीस वर्षांपूर्वी मी साहेब आणि तुम्ही माझ्या हाताखाली उपयंत्री असताना बांधला, तोच. त्याचे नाव काढले की तुम्ही फोनवर गप्प होता, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र वाचणाऱ्याला मध्येच फोन ठेवता येत नाही.

माझी पुतणी अनुश्री माशांचा अभ्यास करते. (आमच्या घराण्यात मासा ताटात कधी आला नाही, तो असा थीसिसमधून आला.) ती सांगते की पावसाळ्यात महसीर मासे, ज्यांना इकडे बाडस म्हणतात, चोरलमधून नाल्यात शिरतात आणि वरच्या अंगाला खडे-वाळूत अंडी घालतात. म्हणजे घालत असत. रपट्याच्या पाइपातून जोरात पडणाऱ्या पाण्याने पुढे खड्डा पडला, नाल्याचा तळ खचला आणि पाइपाचे तोंड पाण्यापासून चांगले अडीच फूट वर लटकले. बिचारे मासे उड्या मारमारून थकतात आणि परततात. मला तिथे उभे करून तिने विचारले, "काका, हा रपटा कोणत्या गाढवाने बांधला?" मी म्हटले, सरकारने.

पण त्या रात्री जेवण गेले नाही. सकाळी तिला खरे सांगितले आणि कामाला लागलो. युक्ती साधी होती. पाइपाच्या तोंडापर्यंत दगडांच्या पायऱ्या रचायच्या, प्रत्येक पायरी वीतभर उंच, प्रत्येकीत दम खायला डबके. सरपंच विक्रांतजी म्हणाले, "भिया, मछली के लिए सीढ़ी बनवा रहे हो, तो लिफ्ट भी लगवा दो!" तरी परवानगी दिली, एका अटीवर. दगडांत प्लास्टिकच्या पन्न्या अडकतात, गावाची सफाई बिघडते. तेव्हा राखीपर्यंत एक तरी मासा वर गेला पाहिजे, नाहीतर दगड उचला. अनुश्रीची दोन वर्षांची मेहनत त्या एका माशावर येऊन ठेपली. (माझी अब्रूही, पण ती तशी जुनी आहे.)

रचण्याची हकीकत लांबवत नाही. मजूर आठला यायचे, नऊपर्यंत पोहे, मग कुठे पहिला दगड हलायचा. मी एकदा पोह्यांआधी काम सुरू करून पाहिले. तीन दगड उलटे बसले. आषाढ सरता सरता पायऱ्या झाल्या. अनुश्री वही घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मासे खालच्या डोहात आले, चांगले हातभर लांब, मोजून चाळीस. आणि तिथेच राहिले! आठ दिवस वहीत शून्य. मी पायऱ्या दोनदा मापल्या. पाणी बरोबर, उंची बरोबर, आणि मासे मात्र निवृत्त अधिकाऱ्यांसारखे डोहात फिरताहेत.

नवव्या दिवशी उलगडा झाला. तो करणारी आमच्याच घरात राहते. "यांचे मासे" बघायला म्हणून बेबी महिला मंडळाला घेऊन आली होती आणि मासे दिसल्यावर इंदूरची बाई हात जोडून परत थोडीच जाते? श्रावणाचे पुण्य म्हणून रोज दोघी-तिघी पाळीपाळीने डबे भरून कणकेच्या गोळ्या आणत होत्या, वर साखर घालून. आयते पंगतीला बसलेले मासे चढतील कशाला? मी बेबीला समजवायला गेलो, तर म्हणाली, "उपाशी जिवाला हाकलू का? तुमचे तर कायदेच सुरू होतात हो!" मंडळाने मान डोलावली. मी हरलो.

तेव्हा अनुश्रीने तिला बाजूला नेले. म्हणाली, "काकू, ह्या पोटुशा आहेत. ह्यांना माहेरी जायचंय. तुम्ही वाटेतच जेवायला घालून अडवताय बघा." बेबीने हातातला डबा लगेच बंद केला. मंडळाला तिने काय सांगितले कोण जाणे, त्या दिवसापासून डोहात कणकेचा कण पडला नाही. उलट दुसऱ्या गावचा एक माणूस लाह्या घेऊन आला, त्याला बायांनीच वाटेला लावले.

राखीच्या आदल्या सकाळी पहिली मादी चढली. प्रत्येक पायरीवर थांबत, शेपटी मारत, शेवटी पाइपात शिरली आणि पलीकडे निघाली. दुपारपर्यंत नऊ. अनुश्रीला आकडा लिहिता येईना, इतकी ती रडत होती. विक्रांतजींनी डोक्यावरचा गमछा काढला. बेबी म्हणाली, "गेली गं बाई सुखरूप." माझेही डोळे भरून आले, अच्युतराव, एकतीस वर्षे मी त्यांची वाट अडवून बसलो होतो.

घरात सर्वांना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
नंदू

ता. क. पंचायतीला शेजारच्या नाल्यावरच्या रपट्याचा पाइप बदलायचा आहे. विक्रांतजींनी माणूस विचारला. मी तुमचे नाव सांगून बसलो आहे. तुम्हाला फक्त खुर्चीवर बसून बोट दाखवायचे आहे.

ता. क. दुसरा. "पाइप तळाच्या खाली बसवावा, अन्यथा पुढे खड्डा पडेल," ही तुमची तेव्हाची टीप माझ्याकडे आहे. तिच्यावर तांबड्या शाईत "अनावश्यक" लिहिलेले अक्षर माझे, हे तुम्ही जाणताच. पण त्याच वर्षी तुमच्या गोपनीय अहवालात "वरिष्ठांशी वाद घालण्याची सवय" असा शेरा पडला आणि बढती तीन वर्षे अडली, तो तुम्ही आजवर मोठ्या साहेबांचा समजता. तो माझा होता. सगळे पत्र हे लिहिण्यासाठीच होते, आणि मी माशांवरून आलो.

ता. क. तिसरा. बेबीला हे आताच वाचून दाखवले. ती म्हणते, भांडायला का होईना, या, भांडण पोह्यांनंतर.